हिरडा, हिराकस आणि हायड्रोजन खाणारे

रेडिओवर बोलणाऱ्याची एक अडचण असते. त्याला चित्र दाखवता येत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते तर समोर ठेवले तरी डोळ्यांना दिसायचे नाहीत, म्हणजे श्रोते आणि मी आज एकाच पातळीवर आहोत. तेव्हा सुरुवात दिसणाऱ्या वस्तूपासून करतो.

मंचरच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर पत्र्याचा एक डबा होता. त्यात सुकलेले हिरडे असत. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग म्हणजे हिरड्याचं आगर. भीमाशंकरच्या, आहुप्याच्या बाजूची महादेव कोळी मंडळी डोंगरात हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि खाली घोडेगावच्या, मंचरच्या बाजारात विकतात. बहुतेक घरांत हिरडा असतो तो पोटासाठी. आमच्या घरात तो कापडासाठी होता. आमच्या आडनावातच रंगाचा धंदा आहे. माझ्या वडिलांनी तो सोडला आणि सायकलींचं दुकान टाकलं, पण माझ्या दादीच्या बोटांच्या नखांत तो शेवटपर्यंत राहिला असं मला लहानपणी वाटायचं.

दादी काळा रंग कसा करायची ते मला पाठ आहे. हिरडा कुटायचा, रात्रभर पाण्यात भिजवायचा. सकाळी त्या पाण्यात कापड बुडवून सावलीत वाळवायचं. कापड फक्त पिवळट होतं, काळ्याचा पत्ता नसतो. मग दुसऱ्या घंगाळात हिराकशीचं पाणी. त्यात कापड घातलं की डोळ्यांदेखत काळं होतं. पोरं बघायला जमायची. दादी म्हणायची, हिरडा नुसता धरून ठेवतो, बोलायला लावते ती हिराकस.

हे सगळं मी विसरलो होतो. माझी मुलगी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तिचा फोन आला. "अब्बा, तुमची दादी कापड काळं करायची ते कशानं?" मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "आज प्रॅक्टिकलला आम्ही तेच केलं. फक्त कापड नव्हतं, जिवाणू होते."

मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी साहित्य घेऊन. माझ्या कवितेत आजवर एकही जिवाणू आलेला नाही. पण त्या फोनपासून मी तिच्या पुस्तकांत डोकावू लागलो, समजलं नाही तिथे तिला विचारू लागलो, आणि एका फार वेगळ्या जमातीपाशी येऊन थांबलो. ही जमात हायड्रोजन खाते.

आधी ती कुठे भेटते ते सांगतो, कारण त्यासाठी लांब जायला नको. हरभऱ्याचं झाड मुळासकट उपटलं की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींत ऱ्हायझोबियम जातीचे जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. पण या कारखान्यात एक गळती आहे. नत्राचा अमोनिया करताना नत्राच्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजनचा निदान एक रेणू तयार होतो. काही जातींचे जिवाणू तो परत वापरून घेतात, बाकीच्यांचा गाठीतून बाहेर मातीत जातो. सोयाबीनच्या गाठींतून हायड्रोजन निघतो हे १९५७ साली विस्कॉन्सिनच्या होक, लिटल आणि बरिस या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आता गंमत पाहा. गाठीतून बाहेर पडलेला हा वायू शेताच्या वर हवेत सहसा पोचतच नाही. गाठीभोवतीच्या दोन-चार बोटं मातीत त्याला खाणारे बसलेले असतात. कॅनडात डाँग आणि लेझेल यांनी २००१ मध्ये असा हायड्रोजन मिळालेल्या मातीचा अभ्यास केला आणि माती तो शोषून घेतानाच कार्बन डायऑक्साइडही बांधून ठेवते असं नोंदवलं. पुढे २००७ साली अशा मातीतले हे खाणारे वेगळे काढण्यात आले, आणि त्यांच्यातले काही पिकाच्या मुळांची वाढ करतात असं दिसलं. आमच्याकडचा शेतकरी हरभऱ्याचा, भुईमुगाचा बेवड चांगला म्हणतो. बेवडाचं श्रेय आपण सगळं नत्राला देतो. त्यात थोडा वाटा या वायू खाणाऱ्यांचाही असावा असा तज्ज्ञांचा कयास आहे.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून ठिणगी टाकली तर स्फोट होतो. जर्मन भाषेत त्या मिश्रणाला 'क्नालगास' म्हणतात, म्हणजे फटाक्यासारखा फुटणारा वायू. हे जिवाणू तोच स्फोट थंडपणे, थेंबाथेंबाने करतात. हायड्रोजन ऑक्सिजनला मिळवून पाणी करायचं, त्यातून निघणारी शक्ती साठवायची आणि त्या शक्तीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं अन्न करायचं. झाड जे उन्हात करतं ते हे अंधारात करतात. ज्या विकरामुळे हे साधतं त्याला हायड्रोजनेज हे नाव १९३१ मध्ये केंब्रिजच्या मार्जोरी स्टीफन्सन आणि त्यांचे सहकारी स्टिकलंड यांनी दिलं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १९४५ साली पहिल्यांदा दोन स्त्रियांना सदस्य करून घेतलं, त्यांतल्या एक या स्टीफन्सनबाई.

अशा जिवाणूंचा शोध १९०६ सालचा. व्हिएन्नात हेरमान कासेरर यांनी आणि त्याच वर्षी रशियात नाबोकिख आणि लेबेदेफ यांनी स्वतंत्रपणे ते नोंदवले. आता यांना म्हणायचं काय? तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, डेन्मार्कचे ओर्ला-येन्सेन यांनी एक कुळ काढलं आणि नाव दिलं हायड्रोजिनोमोनास. ओर्ला-येन्सेन हे दुधा-चीजमधल्या जिवाणूंचे जाणकार. त्यांचं म्हणणं असं की जिवाणू दिसतो कसा हे दुय्यम, तो करतो काय ते महत्त्वाचं. त्याआधी १८७२ मध्ये जर्मनीत फेर्डिनांट कोन यांनी जिवाणूंची विभागणी आकारावरून केली होती: गोल, काडीसारखे, नागमोडी, पीळ पडलेले. ओर्ला-येन्सेन म्हणाले, आकार नको, धंदा पाहा.

इथे मी पुस्तक मिटलं. कारण धंद्यावरून कूळ ही गोष्ट मला पुस्तकातून शिकायची नव्हती. आमच्या बाजारपेठेत उभं राहून हाका मारा: अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, शिकलगार, मुलाणी. पलीकडच्या आळीत सुतार, लोहार, कुलकर्णी, सोनार. अत्तारांच्या घरात आता कोणी अत्तर विकत नाही आणि तांबोळ्यांचा मुलगा बँकेत आहे, पण हाक तीच. माझ्या बाबतीत तर हाकेबरोबर आणखी एक गोष्ट गृहीत धरली जाते. १९९३ साली मी एका कार्यालयात मराठी विषयाच्या जागेसाठी अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी नाव वाचलं, चष्मा वर केला आणि अगदी आपुलकीनं सांगितलं, "अहो, उर्दूचा फॉर्म त्या खिडकीत मिळतो." मला उर्दू लिपी वाचता येत नाही. दादीलाही येत नव्हती. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्याकडे ओळखायला एकच खूण होती आणि ती त्यांनी वापरली. जिवाणूशास्त्राचा पुढचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास वाचताना मला ती खिडकी वारंवार आठवली.

तर हायड्रोजिनोमोनास. एकदा दार उघडलं की गर्दी होते. जो कोणी हायड्रोजन खाताना सापडेल तो या कुळात जमा. १९५२ मध्ये हायड्रोजिनोमोनास फॅसिलिस नावाचा सभासद आला. तो आणणाऱ्यांत एक होते अल्बर्ट शाट्झ. हे तेच शाट्झ, ज्यांनी १९४३ मध्ये विद्यार्थी असताना स्ट्रेप्टोमायसिन शोधलं आणि श्रेयासाठी पुढे आपल्याच गुरूंविरुद्ध कोर्टात जावं लागलं. क्षयाच्या औषधाचा शोधक नंतर मातीतला हा गरीब जीव घेऊन बसला होता, याचं मला उगीचच बरं वाटलं. जर्मनीत गटिंगनजवळच्या गाळातून हान्स श्लेगेल यांच्या गटाला एक जात मिळाली, तिचा क्रमांक एच १६. तिला हायड्रोजिनोमोनास युट्रोफा म्हणत. हिची कथा पुढे येते आहे, क्रमांक लक्षात ठेवा.

गर्दी झाल्यावर लोक एकमेकांकडे निरखून पाहू लागतात. तसं इथेही झालं. आणि निरखायचं म्हणजे अंगकाठी आणि अंगावर काय आहे ते.

अंगकाठी बघणं सोपं. मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाला मायक्रोमीटर म्हणतात. एच १६ ही आखूड काडी. रुंदी एका मायक्रोमीटरला थोडी कमी, लांबी एकापेक्षा किंचित जास्त, म्हणजे जवळजवळ हरभऱ्याच्या दाण्याच्या घाटाची. दुसरे काही लांब, बारीक, किंचित वाकलेले. एक तर चक्क गोल, त्याला १९१० पासून मायक्रोकॉकस डिनायट्रिफिकन्स म्हणत. साध्या सूक्ष्मदर्शकात एवढं कळतं.

अंगावरचं बघणं मात्र कठीण. पुष्कळ जिवाणूंना पोहण्यासाठी धाग्यासारख्या शेपट्या असतात. पुस्तकात त्यांना कशाभिका म्हटलंय. कशा म्हणजे चाबूक, शब्द नेमका आहे, पण बोलताना मी शेपटीच म्हणेन. ही शेपटी चाबकासारखी मारली जात नाही, बुडाशी बसवलेल्या मोटारीसारख्या यंत्रावर ती गरागरा फिरते. जाडी एका मायक्रोमीटरचा पन्नासावा भाग. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला जे बारीकात बारीक दिसतं त्याच्याही दसपट बारीक. म्हणजे कितीही चांगली काच आणा, शेपटी दिसणार नाही.

मग ती पाहिली कशी? तर दादीच्या रीतीनं. १८८९ मध्ये जर्मनीचे फ्रीडरिख लोफ्लर यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. काचपट्टीवर जिवाणू वाळवायचे, त्यांवर टॅनिन आणि हिराकस यांचं पाणी घालायचं आणि मग रंग चढवायचा. टॅनिन शेपटीला चिकटतं, त्यावर थर बसतो, थरावर रंग बसतो आणि अदृश्य धागा जाड होऊन नजरेत येतो. हिरडा नुसता धरून ठेवतो. मुलीनं दुरुस्ती सांगितली ती इथे नोंदवतो: प्रयोगशाळेतलं टॅनिन बहुधा मायफळातून काढलेलं असतं, हिरड्यातून नाही. असेना. दादीला मायफळही ठाऊक होतं. पुढे अमेरिकेत आइनार लाइफसन यांनी ही रीत सुधारली आणि १९६० मध्ये जिवाणूंच्या शेपट्यांचा एक नकाशासंग्रहच छापला.

लोफ्लर वर जो रंग चढवत होते तो फुक्सिन. किरमिजी, डोळ्यांत भरणारा. १८५९ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिओं शहरात डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून तो बनला, तोही कापडासाठीच. पाठोपाठ जर्मन कारखान्यांनी रंगांची रांग लावली. १८६९ मध्ये मंजिष्ठाचा लाल रंग कारखान्यात बनू लागला, १८९७ मध्ये नीळ. मग पुडीचे रंग मंचरच्या बाजारातही आले. आजोबा सांगत की पुडी आल्यावर आल, हिरडा, तुरटी यांचा खटाटोप करणाऱ्याला लोक हसू लागले. विलायती कापड वेगळंच. आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू १९३० च्या डिसेंबरात मुंबईला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि गेला. धरणाच्या जलाशयाला आता त्याचं नाव आहे. पण कापड स्वदेशी असलं तरी त्यावर चढणारा रंग जर्मन होता, याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. आमच्या घराचा धंदा ज्या पुड्यांनी बुडवला, त्याच पुड्यांनी जिवाणू माणसाला दिसू लागले. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जिवाणूंची जी सर्वांत मोठी विभागणी केली तीही अशाच एका जांभळ्या रंगानं. ज्यांची भिंत जाड ते जांभळे राहतात, ज्यांची भिंत पातळ आणि बाहेर आणखी एक पडदा ते धुतल्यावर रंग सोडतात. इंग्रजीत ग्रॅम म्हणजे हरभराही, पण त्याचा इथे संबंध नाही. मुलीनं बजावलंय म्हणून सांगितलं.

रंग चढवून आणि पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून या हायड्रोजन खाणाऱ्यांना पाहिलं तेव्हा एका कुळातली ही माणसं एकमेकांसारखी दिसेनात. काहींना एका टोकाला एकच शेपटी, शेंडीसारखी. एच १६ ला अंगभर विखुरलेल्या दोन ते दहा. गोल मायक्रोकॉकसला शेपटीच नाही. एक तर अगदीच चमत्कारिक, त्याच्या अंगावर इथे एक, तिथे एक अशा मोजक्या शेपट्या, तीही कधी असतात कधी नसतात.

१९६९ साली डेव्हिस, डाउडरॉफ, स्टॅनियर आणि मँडेल यांनी एक निबंध छापला. पहिले तिघे कॅलिफोर्नियात बर्कलीला. निबंधाचं शीर्षकच सांगतं की हायड्रोजिनोमोनास हे कूळ रद्द करावं. त्यांनी शेपट्यांची जागा पाहिली, आकार पाहिला, कोणकोणत्या पदार्थांवर हे वाढतात त्याच्या लांबलचक याद्या केल्या आणि डी. एन. ए. मधल्या घटकांचं प्रमाण मोजलं. निष्कर्ष असा: हायड्रोजन खाणं हा धंदा आहे, नातं नाही. एकच धंदा करणारे हे जीव निरनिराळ्या घराण्यांतले आहेत, आणि प्रत्येक घराण्यात हा धंदा न करणारे भाऊबंद भरपूर आहेत. शेंडीवाले स्यूडोमोनासमध्ये गेले. अंगभर शेपट्यांचा एच १६ अल्कॅलिजिनिस युट्रोफस झाला. गोल मायक्रोकॉकसला पॅराकॉकस हे नवं घर मिळालं. आणि मोजक्या शेपट्यांच्या त्या चमत्कारिकाला नाव दिलं पॅराडॉक्सस. साठ वर्षांचं कूळ एका निबंधात विसर्जित झालं. मला विचाराल तर हा निबंध मी कवितेच्या वहीत उतरवून ठेवण्याच्या लायकीचा मानतो.

पण खुणाही फसवतात. याच सुमारास गटिंगनमध्ये पिवळ्या वसाहती करणारा एक हायड्रोजन खाणारा मिळाला. त्याच्या अंगावर चिकट गुळगुळीत थर, आणि काही खाद्यांवर त्याच्या पेशींना फाटे फुटत, वाय अक्षरासारखे. असे फाटे आणि ग्रामच्या रंगाचा अर्धवट जांभळेपणा पाहून १९७४ मध्ये त्याला कोरिनेबॅक्टेरियम या जाड भिंतीच्या कुळात घातलं. नंतर कळलं की जांभळेपणा भिंतीचा नव्हता, पेशीच्या पोटात साठलेल्या फॉस्फेटच्या दाण्यांचा होता. भिंत पातळच होती. १९७८ मध्ये त्याच्यासाठी झँथोबॅक्टर हे कूळ केलं. झँथो म्हणजे पिवळा. नाव ठेवणाऱ्यांत, चूक करणाऱ्यांपैकीच काही होते. आपली चूक आपणच दुरुस्त करणारे विरळ असतात, म्हणून हे सांगितलं.

शेपटीनंही दगा दिला. स्यूडोमोनासमध्ये पाठवलेले शेंडीवाले तिथले नव्हतेच. रायबोसोमच्या आर. एन. ए. वरून नाती पाहता येऊ लागली तेव्हा बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या विलेम्स आणि सहकाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं. काहींना १९८९ मध्ये हायड्रोजिनोफागा केलं. त्यांच्यातला एक टिनिओस्पायरालिस, त्याच्या पोटात घडी घातलेल्या फितीसारखी एक गुंडाळी असते, त्यावरून नाव. शाट्झ यांचा फॅसिलिस १९९० मध्ये ॲसिडोव्होरॅक्स झाला, तर मोजक्या शेपट्यांचा पॅराडॉक्सस १९९१ मध्ये व्हेरिओव्होरॅक्स. आणि गंमत म्हणजे एका टोकाला शेपटीवाले आणि अंगावर शेपटीवाले हे तिघेही आता एकाच परिवारात मोडतात. आणखी गंमत अशी की हायड्रोजिनोफागाचा अर्थ हायड्रोजन खाणारा. वीस वर्षांपूर्वी ज्या धंद्याचं नाव पुसलं ते मागच्या दारानं परत आलं. नाती पाहून घर बांधलं आणि पाटी मात्र धंद्याचीच लावली. आमच्या पेठेसारखं.

आता एच १६. अल्कॅलिजिनिस युट्रोफस हे नाव पंचवीसेक वर्षं टिकलं. १९९५ मध्ये जपानच्या याबुउची आणि सहकाऱ्यांनी त्याला राल्स्टोनिया केलं. २००४ मध्ये वॉटर्सिया. त्याच वर्षी लक्षात आलं की मक्कड आणि कसिडा या दोघांनी १९८७ मध्ये मातीतला, तांब्याला दाद न देणारा, इतर जिवाणूंना मारून खाणारा एक जीव कप्रियाव्हिडस निकेटर या नावानं नोंदवला होता आणि तो हाच. जुनं नाव आधी, या नियमानं वॉटर्सिया वर्ष सरायच्या आत मागे पडलं. हायड्रोजिनोमोनास, अल्कॅलिजिनिस, राल्स्टोनिया, वॉटर्सिया, कप्रियाव्हिडस. पाच नावं झाली. निकेटर म्हणजे मारेकरी. हवा खाऊन जगणाऱ्या जिवाला शेवटी हे नाव चिकटलं. या सगळ्या काळात ती आखूड काडी आणि अंगभरच्या शेपट्या जशा होत्या तशाच होत्या.

या कथेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट १९८१ सालची. गटिंगनमध्ये फ्रीडरिख, होग्रेफे आणि श्लेगेल यांनी दाखवलं की हायड्रोजन खाण्याची कला एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. ती मूळ गुणसूत्रात नसून एका वेगळ्या मोठ्या कड्यावर असते, ज्याला मेगाप्लाझ्मिड म्हणतात. २००३ मध्ये एच १६ चं हे कडं पूर्ण वाचलं गेलं, साडेचार लाख अक्षरांचं. जिवाणूनं ते गमावलं तर तो हायड्रोजन खाऊ शकत नाही, पण जगतो, बाकीचं खातो. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याला ते दिलं तर तो खाऊ लागतो. म्हणजे धंदा रक्तात नव्हता. काखेत मारलेल्या गाठोड्यात होता, आणि गाठोडं दुसऱ्याच्या हाती देता येतं.

या जिवाणूंचे उपयोग पुष्कळ सांगितले जातात, मी धावता उल्लेख करतो. एच १६ आपल्या पोटात चरबीसारखे दाणे साठवतो, खाणं भरपूर आणि नत्र कमी असेल तर अंगाच्या सुक्या वजनाच्या तीन-चतुर्थांशाहूनही अधिक. ते दाणे म्हणजे मातीत कुजणारं प्लास्टिक. १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शॅम्पूच्या बाटल्या विकायला आल्या होत्या, महाग पडल्या. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात अंतराळवीरांची हवा शुद्ध करायला आणि जेवणाला हेच जिवाणू चालतील का याचा अभ्यास केला. फिनलंडची एक कंपनी झँथोबॅक्टर कुळातला जीव वाढवून हवेपासून पिवळी प्रथिनांची पूड बनवते, सिंगापूरने २०२२ मध्ये तिला परवानगी दिली.

गोबरगॅसवाले विचारतील, आमच्याकडेही हायड्रोजन खाणारे आहेत की. आहेत. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ मध्ये सांडपाण्यापासून गॅस काढला गेला तेव्हापासून ते आपल्याकडे कामाला आहेत. पण ते ऑक्सिजनशिवाय जगतात, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या नावात बॅक्टेरियम असलं तरी ते जिवाणू नाहीत. त्यांची भिंत जिवाणूंच्या मालाची नाही, आणि १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की ही सृष्टीच निराळी, आर्किया. त्यांनी सोडलेला मिथेन खाणारे परत जिवाणूच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भातखाचरातून काढलेल्या अशाच एका फिकट गुलाबी, भल्या मोठ्या पेशींच्या जिवाणूला २०१८ मध्ये मिथायलोक्युक्युमिस नाव दिलं. क्युक्युमिस म्हणजे काकडी. दिसायला काकडी म्हणून काकडी. इतकं सरळ नाव या सगळ्या कथेत मला दुसरं आढळलं नाही.

एक राहिलं. हवेतही हायड्रोजन असतो, दहा लाख भागांत जेमतेम अर्धा भाग. त्याचा बहुतेक वाटा माती ओढून घेते, पण माती म्हणजे कोण हे फार काळ कळत नव्हतं. २००८ मध्ये कॅनडातल्या कोंस्टां आणि सहकाऱ्यांनी मातीतून असा एक जीव काढला, तो निघाला स्ट्रेप्टोमायसिस. शाट्झ यांचं औषध देणारं कूळ तेच. हा काडी नाही आणि गोलही नाही. बुरशीसारखे धागे आणि धाग्यांच्या टोकाला मण्यांच्या माळेसारखे बीजाणू असं त्याचं रूप, शेपटी मुळीच नाही. वळवाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास बराचसा याच्याच कुळाचा. त्या वासावर मी निदान सात-आठ कविता लिहिल्या आहेत. तो वास सोडणारा जीव हवेतला हायड्रोजनही टिपत असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या पौषात मुलगी मंचरला आली होती. माळ्यावरचा डबा खाली काढला. हिरडे काळे पडले होते, पण होते. तिनं चार घेतले, बाजारातून हिराकस घेतली, शेतातून हरभऱ्याची दोन झाडं मातीसकट उपटून पिशवीत घातली आणि गेली. मातीतला व्हेरिओव्होरॅक्स तिला मिळाला नाही, त्याला म्हणे फार दिवस लागतात. तिनं प्रयोगशाळेतलाच एक अंगभर शेपट्यांचा जिवाणू घेतला आणि दादीच्या रीतीनं काचपट्टी केली. पहिली पट्टी नुसती काळी झाली, काहीच दिसेना. मी फोनवर म्हटलं, "अगं, हिरड्याचं पाणी गाळलंस का? दादी धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायची." ती म्हणाली, "अब्बा, हे आधी सांगायचं." दुसऱ्या खेपेला तिनं गाळून घेतलं. मग फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, तीन दिसतात, नीट बघा. मी चष्मा पुसून बघितलं. मला एक आखूड काडी दिसली आणि तिच्या कुशीला एक वाकडी काळी रेघ.